चारचौघांच्या भीतीवरची गोळी

मुलुंड सुटून लोकल ठाण्याच्या दिशेनं निघाली की डाव्या हाताला जुनी झाडी लागते. ती मनोरुग्णालयाच्या आवारातली. रुळांच्या उजवीकडे, पार खाडीपर्यंत, आमची कोपरी. कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळात माणसं मावेनाशी झाली होती, त्या काळात ठाण्यात हे नवं रुग्णालय उभं राहिलं. साल १९०१, नाव नरोत्तमदास माधवदास यांचं. पुढे ते सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय झालं, मंजूर खाटा १,८५० झाल्या आणि मुंबईपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या बोलण्यात "ह्याला ठाण्याला न्या" हे वाक्य कायमचं बसलं. आम्ही ठाण्यातच राहणारे. त्यामुळे आमच्याकडे "रुळांपलीकडे पाठवा" म्हणायचे.

मला ज्या आजाराविषयी लिहायचं आहे त्याची माणसं त्या भिंतीआड कधीच नव्हती. ती घरातच असायची. पाहुणे आले की आतल्या खोलीत, लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत, सार्वजनिक गणपतीच्या आरतीला मांडवाच्या बाहेर. चारचौघांत गेलं की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, चेहरा तापतो, सगळे आपल्याकडेच बघताहेत आणि आपलं हसं होणार असं पक्कं वाटतं. डॉक्टर ह्याला सोशल अँग्झायटी म्हणतात. आमच्याकडे ह्याला आजार कुणी म्हणत नव्हतं. बुजरा, भिडस्त, घुम्या, "माणूसघाणा आहे जरा" असं म्हणून मोकळे होत. मुलगी असली तर उलट कौतुकच: किती मर्यादेची आहे, मान वर करून बोलत नाही!

बाबांनी कोपरीत मेडिकल काढलं ते सत्तरच्या दशकात. फाळणीनंतर इथे वसवलेल्या सिंधी कुटुंबांची कॉलनी, चेंदणीचा कोळीवाडा, मीठबंदर रोड, आणि वागळे इस्टेटला कामाला जाणाऱ्यांच्या चाळी, एवढं आमचं गिऱ्हाईक. मी डी. फार्म. करून ऐंशीच्या दशकात गल्ल्यामागे बसू लागले. मेडिकलच्या काउंटरवरून माणूस डॉक्टरपेक्षा वेगळा दिसतो. डॉक्टरला तो काय होतंय ते सांगतो. आम्हाला, काय लपवायचं आहे ते कळतं. मनावरच्या औषधांची चिठ्ठी चार घड्या घालून येते. दुकानात दुसरं कुणी असेल तर आधी एक साबण नाहीतर टूथपेस्ट मागितली जाते. कोपरीची माणसं ह्या गोळ्या नौपाड्यात जाऊन घ्यायची आणि नौपाड्याची माणसं रूळ ओलांडून माझ्याकडे यायची. आपल्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला कळू नये, एवढ्यासाठी.

एक गिऱ्हाईक माझ्या चांगलं लक्षात आहे. कारखान्यात कामाला, हुशार, अक्षर मोत्यासारखं. घरी वही भरून सुवाच्य लिहिणारा हा माणूस पगाराच्या रजिस्टरवर सही करताना थरथरायचा, कारण समोर कारकून बघत असायचा. बँकेत सही जुळेना म्हणून स्लिप परत यायची. सुपरवायझरची जागा चालून आली, ती त्यानं नाकारली, कारण सुपरवायझरला मीटिंगमध्ये उभं राहून बोलावं लागतं. घरच्यांना वाटलं, ह्याला महत्त्वाकांक्षाच नाही. तो माझ्याकडे "हात थरथरण्याची गोळी" मागायला आला होता, तेही दुपारी, दुकान रिकामं बघून. बघणाऱ्यासमोर लिहिता न येणं, खाता न येणं, फोनवर बोलता न येणं ही ह्याच आजाराची जुनी, ओळखीची रूपं आहेत, हे मला बऱ्याच पुढे वाचनातून समजलं.

आणि वाचलं तेव्हा वाटलं की उशीर फक्त आमच्या कोपरीला झाला नव्हता. जपानमध्ये शोमा मोरिता ह्या डॉक्टरांनी १९१९च्या सुमारास लोकांपुढे जाण्याच्या ह्या भीतीवर उपचाराची स्वतंत्र पद्धत बांधली होती, पण बाकी जगानं तिकडे फारसं पाहिलं नाही. लंडनमध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी १९६६ साली दाखवलं की वेगवेगळ्या भीती वेगवेगळ्या वयात सुरू होतात, आणि लोकांची भीती ही किशोरवयात जडणारी वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत ती शिरली १९८० साली. त्यानंतर पाच वर्षांनी न्यू यॉर्कच्या मायकेल लिबोविट्झ यांनी सहकाऱ्यांसह लेख लिहिला, त्याच्या मथळ्यातच तिला दुर्लक्षित आजार म्हटलं होतं. म्हणजे बाबा दुकानात बसत होते तेव्हा ह्या आजाराला वैद्यकाच्या पुस्तकात धड जागाही नव्हती. औषध मात्र आधीच तयार होत होतं, आणि होत होतं दुसऱ्याच आजारांसाठी.

ह्या कथेचा एक धागा मुंबईचा आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैदू पूर्वापार वापरत आले. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर लेख लिहिला, त्यात रक्तदाब आणि वेड ह्या दोन्हींवरचा उपयोग नोंदवला. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ही मुळी वर्षानुवर्षं रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन टिपणं ठेवत होते. त्यांचा लेख १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांचं लक्ष मुळीकडे वळलं. १९५७ साली डॉ. वकिलांना लास्कर पारितोषिक मिळालं. १९५२ साली सीबा कंपनीनं स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. ते दिल्यावर रक्तदाब उतरायचा, आणि अस्वस्थ मनोरुग्णही शांत व्हायचे. न्यू यॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी १९५४ साली तसा अनुभव प्रसिद्ध केला.

हे कसं होतं, ह्याचा शोध अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत लागला. १९५५ साली तिथे दिसलं की रेसर्पिन दिल्यावर शरीरातल्या सिरोटोनिनचा साठा रिकामा होतो. एखादं औषध मेंदूतलं एक रसायन हलवतं आणि माणसाची मनःस्थिती बदलते, हा विचार प्रयोगशाळेत पाय रोवून उभा राहिला तो इथे. आज सोशल अँग्झायटीसाठी ज्या गोळ्या मी काउंटरवरून देते त्यांतल्या बहुतेक ह्याच सिरोटोनिनभोवती फिरतात. सर्पगंधा ह्या आजारावरचं औषध नव्हे, रेसर्पिन आता क्वचितच लिहिलं जातं. पण त्या वाटेचं पहिलं पाऊल ज्या मुळीनं दाखवलं ती आपल्या मातीतली, आणि तिची टिपणं परळच्या वॉर्डात झाली, ह्याचा मला अभिमान वाटतो.

दुसरी वाट क्षयाच्या वॉर्डातून आली. १९५२ साली न्यू यॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड दिलेले क्षयरोगी अकारण उल्हसित दिसू लागले. त्यातून जो औषधांचा गट निघाला त्यातलं फेनेल्झिन हे सोशल अँग्झायटीवर नीट तपासलं गेलेलं पहिलं परिणामकारक औषध ठरलं. लिबोविट्झ यांच्या गटानं १९९२ साली आकडे दिले: फेनेल्झिन घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के सुधारले, ॲटेनोलॉल घेणाऱ्यांपैकी ३० टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २३ टक्के. पण फेनेल्झिनवर असताना मुरवलेलं चीज आणि तसले पदार्थ वर्ज्य, नाहीतर रक्तदाब जीवघेणा चढतो. असं औषध सरसकट लिहायला डॉक्टर कचरणारच.

आपल्याकडे मात्र ह्या सगळ्या वर्षांत एकाच गोळीचं राज्य होतं. कॅम्पोज. डायझेपाम हे रोश कंपनीनं १९६३ साली व्हॅलियम नावानं आणलेलं औषध. रॅनबॅक्सीनं साठचं दशक संपता संपता ते कॅम्पोज म्हणून बाजारात आणलं आणि ते नाव घराघरात गेलं. मुलीला बघायला येणार? अर्धी कॅम्पोज. तोंडी परीक्षा? अर्धी कॅम्पोज. मयत झालं, आई रडायची थांबत नाही? कॅम्पोज. बाबांच्या काळात लोक ती नावानं मागत, आणि शेजारणी एकमेकींना हळदी-कुंकवासारख्या देत. गोळीनं भीती तासाभरात उतरते, हे खरं. पण झोप येते, जीभ जड होते, रोज घेतली तर तीच मात्रा पुरत नाही आणि एकदम सोडली तर भीती दुपटीनं उसळते. मी काउंटरवर बसू लागले तेव्हा वर्षानुवर्षं तिच्यावर तगलेली माणसं बघितली. चिठ्ठी जुनी, तारीख खोडलेली, आणि डोळ्यांत विनवणी. २०१४च्या मार्चपासून डायझेपाम, अल्प्राझोलाम ह्यांसारख्या गोळ्या शेड्यूल एच-१मध्ये गेल्या. आता रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, सगळं लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. हा नियम आला ह्याचं मला समाधान आहे. कडकडीत पाळला जावा, एवढंच मागणं.

माझं म्हणणं असं, की कॅम्पोजनं जी बदनामी कमावली ती पुढच्या सगळ्या गोळ्यांना भोगावी लागली. "डोक्याची गोळी" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात: माणूस झोपून राहणार आणि सवय लागणार. ह्या दोन्ही गोष्टी एका कुळातल्या गोळ्यांच्या आहेत. पण अजूनही चिठ्ठीवर एस्सिटालोप्रामसारखी नवी गोळी बघितली की पेशंटची आई विचारते, "ताई, ही झोपेचीच ना?" आणि दहातल्या कित्येक चिठ्ठ्या पहिल्या पट्टीनंतर परत येत नाहीत.

मधे एक गोळी प्रोप्रॅनोलॉलची. साठच्या दशकात ती हृदयासाठी शोधली सर जेम्स ब्लॅक यांनी, ज्यांना पुढे १९८८ साली नोबेल मिळालं. सिप्लानं ती भारतात बनवायला घेतली. १९७०च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नाकारून फक्त कृतीवर पेटंट ठेवलं, म्हणून अशी औषधं कोपरीच्या माणसाच्या खिशाला परवडू लागली. प्रोप्रॅनोलॉल मनाला हात लावत नाही. हृदयाची धडधड आणि हाताचा कंप तेवढा रोखते. व्हायोलिन वाजवणारे, भाषण देणारे ती कार्यक्रमापूर्वी घेतात. आमच्या सहीवाल्या गृहस्थांना डॉक्टरांनी आधी हीच लिहिली आणि बँकेच्या दिवसापुरती ती उपयोगी पडली. पण मीटिंगची, लग्नाची, फोनची, सगळीकडचीच भीती असेल तर ह्या कुळाचा फार उपयोग नाही. ह्याच कुळातल्या ॲटेनोलॉलचे वरचे आकडे तेच सांगतात. दम्याच्या माणसानं तर ती स्वतःच्या मनानं घेऊच नये.

मग आल्या सिरोटोनिन पेशीत परत शोषलं जाऊ न देणाऱ्या गोळ्या. फ्लुऑक्सेटिन अमेरिकेत १९८७च्या अखेरीस मंजूर झालं, नव्वदीत आपल्या शेल्फवर आलं. मागोमाग सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, आणि २००० नंतर एस्सिटालोप्राम. पॅरॉक्सेटिनची सोशल अँग्झायटीवरची मोठी चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी औषध घेणाऱ्या ९१ पैकी ५० जण सुधारले, खोटी गोळी घेणाऱ्या ९२ पैकी २२. हे आकडे मी मुद्दाम पूर्ण देते, कारण त्यात दोन्ही गोष्टी आहेत. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना गुण येतो, आणि जवळजवळ निम्म्यांना त्या गोळीनं पुरेसा येत नाही. १९९९च्या मे महिन्यात अमेरिकेत हे औषध ह्या आजारासाठी मंजूर झालं. कंपनीनं मग इतकी जाहिरात केली, की साधा लाजराबुजरा माणूसही आजारी ठरतो की काय अशी ओरड झाली. ती ओरड योग्य होती. लाजणारा मुलगा आजारी नसतो. भीतीपायी शिक्षण, नोकरी, लग्न सोडून देणारा मुलगा मदतीला पात्र असतो. फरक इथे आहे.

गोळी नेमकं काय करते? दोन मज्जापेशींच्या मधल्या फटीत सिरोटोनिन सोडलं जातं आणि काम झालं की पहिली पेशी ते परत ओढून घेते. गोळी ती ओढण्याची वाट अडवते. हे काही तासांतच घडतं, पण माणसाला बरं वाटायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी बारा. मेंदू ह्या बदलाशी हळूहळू जुळवून घेतो, खरं काम त्या जुळवून घेण्यात होतं. "सिरोटोनिन कमी पडलं म्हणून भीती वाटते" असं सोपं सांगितलं जातं, तेही पुरेसं नाही. स्वीडनमध्ये उप्सालाच्या संशोधकांनी २०१५ साली मेंदूची चित्रं घेतली तेव्हा सोशल अँग्झायटी असलेल्यांच्या अमिग्डालात सिरोटोनिन जास्त तयार होताना दिसलं. अमिग्डाला म्हणजे मेंदूत खोल असलेला बदामाएवढा भाग, सोसायटीच्या एखाद्या घाबरट वॉचमनसारखा, पोस्टमन आला तरी शिट्टी फुंकणारा. त्याच उप्सालात २००२ साली आणखी एक प्रयोग झाला होता. काही जणांना नऊ आठवडे ह्याच कुळातलं सिटालोप्राम दिलं, काहींना बोलून, सराव करून घेण्याचा उपचार दिला, आणि मग लोकांसमोर भाषण करायला लावून मेंदूचा रक्तपुरवठा मोजला. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला त्यांचा अमिग्डाला शांत झाला होता. गोळी घ्या की समुपदेशन, असं भांडण लावणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा. दोन वाटा एकाच दाराशी पोचतात, आणि पुष्कळांना दोन्हींची गरज लागते. गोळी भीतीचा जोर कमी करते, पण बँकेत जाऊन सही माणसालाच करावी लागते. पुन्हा पुन्हा.

मुंबईच्या धाग्याला आणखी एक जोड आहे: सर्पगंधेतून रेसर्पिन काढणाऱ्या त्याच सीबाचं संशोधन केंद्र गोरेगावला होतं. तिथे नैराश्यावरचं एक अस्सल भारतीय औषध तयार झालं, सिंटामिल, आणि ते बाजारातही आलं. आज तरुण फार्मसिस्टना नाव सांगितलं तर माहीत नसतं. त्या केंद्रात काम केलेल्या माणसांनी हा इतिहास लिहून ठेवायला हवा.

आता काउंटरवर मी काय सांगते ते लिहिते, कारण ते छापून यावं असं मला वाटतं. पहिल्या आठवड्यात मळमळेल, डोकं दुखेल, एखाद्याला आधी अस्वस्थता वाढल्यासारखीही वाटेल. जेवणानंतर घ्या, डॉक्टरला फोन करा, पण पट्टी कपाटात टाकून देऊ नका. शरीरसंबंधातली इच्छा कमी होऊ शकते, हे पुरुषांनी आणि बायकांनी डॉक्टरशी न लाजता बोलावं, कारण ह्याच एका कारणानं कित्येक जण गुपचूप गोळी बंद करतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००४ साली मुलांसाठी ह्या गोळ्यांवर छापायला लावला आणि २००७ साली तो पंचविशीच्या आतल्या तरुणांपर्यंत वाढवला. बरं वाटलं म्हणून एकदम थांबवू नका, पॅरॉक्सेटिन तर मुळीच नाही. चक्कर, झटके आल्यासारखं वाटणं, झोप उडणं हे त्यानं होतं, आणि लोक समजतात की सवय लागली. हळूहळू, डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे उतरवली की ती सुटते.

रुळांपलीकडचं रुग्णालयही बदलत गेलं. त्या जमिनीच्या एका भागावर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्थानक ठरलेलं आहे. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, त्यानंतर देशाला जाग आली, आणि २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पुढच्या वर्षी २९ मेला लागू झाला. उपचार हा आता हक्क आहे. पण कोपरीच्या माणसाच्या पायातली बेडी तोडली ती आमच्याच गावातल्या एका संस्थेनं, असं मी मानते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि भरती न होता, संध्याकाळी ऑफिसातून येताना मनाच्या डॉक्टरकडे जाऊन येता येतं हे आमच्या लोकांनी पहिल्यांदा बघितलं. "आयपीएचला जाऊन आलो" हे वाक्य दुकानात मोठ्यानं उच्चारणारं पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

सहीवाले गृहस्थ पुढे निवृत्त झाले. पॅरॉक्सेटिन त्यांनी डॉक्टरच्या देखरेखीखाली काही काळ घेतलं, जोडीला समुपदेशन घेतलं, मग दोन्ही थांबलं. सुपरवायझर ते झाले नाहीत, ती वेळ निघून गेली होती. मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला मात्र ते दारात उभे होते. नातू आता कॉलेजात आहे, आजोबांसारखाच. त्याला वेळेवर डॉक्टरकडे नेलं, ही मला सगळ्यात मोठी सुधारणा वाटते.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. ज्याला चारचौघांत तोंड उघडता येत नाही त्याला हा फोनही जड जातो. तेव्हा घरातल्या कुणीतरी पहिला फोन लावून द्यावा, आणि दवाखान्यात जायची वेळ आली तर सोबत जावं.